पंधरा किलोपर्यंत

सीटखाली कोरलंय: पंधरा किलोपर्यंत.
काल दवाखान्यातल्या बाईंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग यिल्दूकडे,
आणि म्हणाल्या, पंधरा तीनशे. छान.
छान.
मी घरी आलो आणि पाना शोधत बसलो
तो सापडणार नाही अशा जागी.

सीट तशी आमची नव्हेच.
हार्लिंगनच्या गोदीमागे राहणाऱ्या सायनेने दिली,
तिच्याकडे ती भावाकडून आलेली.
पट्ट्याच्या आतल्या अंगाला बॉलपेनने तीन नावं,
त्यातलं एक इतकं पुसट
की ते मूल आता दाढी करत असणार.

दोन वर्षं माझ्या हनुवटीखाली एक डोकं होतं.
चेहरा नाही, चेहरा रस्त्याचा.
माझ्या वाट्याला टाळूमागचा भोवरा,
पिवळट, उलटा फिरणारा.
तेवढ्यावरून मी तिला वाचायला शिकलो:
मेंढ्या दिसल्या की भोवरा डावीकडे कलतो,
रुसली की हलतच नाही,
आणि कालव्यावरचा पूल उचलायला लागला
की ताठ, सगळ्या अंगानिशी ताठ.
मागे न वळता ती सांगायची,
मी उचलला.
रांगेतले सगळे सायकलवाले मान डोलवायचे.
पूलवालासुद्धा.

समुद्राच्या बांधावर
वाऱ्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.
तो समोरून आला की मी वाकायचो,
ती खिदळायची, तोंड उघडून वारा प्यायची,
आणि तिची ओली टोपी माझ्या गळ्याला लागायची.
सव्वाचारची बोट बेटाकडे निघायची,
बोटीवर हिल्ट्ये, पुढच्या तीन रात्री तिकडेच.
यिल्दू हात हलवायची.
आईनेही हलवला, असं तिचं म्हणणं.
मला कधी दिसला नाही.
दिसला, असं मी म्हणायचो.

परतताना दोर विकणाऱ्याच्या दुकानापासून
तिची मान लवायला लागायची.
हँडलवर आपटू नये म्हणून
उजवा हात तिच्या कपाळाखाली,
सायकल उरलेल्या हातावर.
इतकी हळू, की म्हातारा ओबे
त्याच्या त्याहून म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन
पुढे निघून जायचा,
आणि जाताना टोपीला बोट लावायचा,
मिरवणूक बघितल्यासारखा.
त्या तळहाताला अजून कपाळाचं वजन माहीत आहे.
काट्याला विचारायची गरज नव्हती.

आज सकाळी दोन बोल्ट काढले.
निघाले, कुरकुरले फक्त.
सीट होती तिथे दांड्यावर
हिरव्या रंगाचं एक कडं राहिलं,
नव्या सायकलीच्या रंगाचं.
बाकीची सायकल उन्हाने, मिठाने उतरलेली.

मग मागच्या सीटवर तिला बांधलं,
पाय तपासले, पुन्हा तपासले, आणि निघालो.
बांधावर चढलो तेव्हा वारा
सरळ छातीत शिरला.
दोन वर्षं मला वाटत होतं
मी तिच्यामागे उभी केलेली भिंत आहे.
आणि इथे माझीच भिंत
कुणीतरी स्क्रू काढून मागे नेलेली.
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

मागे बराच वेळ काही नाही.
मग पाठीवर एक बोट, टकटक,
दारावर करावी तशी.

हेइट, समोर काय आहे?

रस्ता, मी म्हणालो.
आणि?
मेंढ्या.
किती?

आजवर हे सगळं तीच मला सांगत आली.
मी मोजायला लागलो,
मोठ्याने, वाऱ्याच्या वर आवाज काढून,
अकरा, बारा,
कुंपणाशी आणखी दोन.
एक लंगडत होती.
ते मी अजून सांगितलेलं नाही.